चार महिने न खपलेली होडी

पस्तीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्यामुळे त्यांना शिडाच्या होड्यांच्या क्लबात सगळे कवळीकाका म्हणत. तोंडावरसुद्धा. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मग शर्यतीतला जोडीदार, म्हणजे त्यांचा मेहुणा, आपल्या मुलीकडे परगावी कायमचा राहायला गेला आणि काकांची दोघांनी चालवायची शिडाची होडी क्लबच्या आवारात पालथी पडली.

"विकून टाका," सेक्रेटरी म्हणाला. "आपल्याकडे शर्यती याच जातीच्या होड्यांच्या. आठ दिवसांत उचलतील. दुसऱ्या जातीची असती, तर फुकटातही कुणी हात लावला नसता."

काकांनी जाहिरात लावली. किंमतही वाजवी. तरी चार महिने होडी जागची हलली नाही.

त्याचं असं व्हायचं. रविवारी गिऱ्हाईक आलं, की काका घडीची खुर्ची झटकून पुढे करत, थर्मासमधला चहा ओतत आणि होडीचे दोष सांगायला बसत. तळाला तडा आहे. तो कुठल्या शर्यतीत, कुठल्या वळणावर, मेहुण्याच्या कुठल्या गाढवपणामुळे पडला, हे साद्यंत. मग सुकाणू. मग शीड. दोन तासांनी गिऱ्हाईक मनापासून आभार मानून दुसऱ्याची होडी घ्यायला जाई आणि काका खुशीत थर्मास विसळत.

"काका, होडी विकताय की तिच्या चहाड्या करताय?" सेक्रेटरीने एकदा विचारलंच.

"खोटं कसं बोलू, बाबा?"

खोटं ते बोलत नव्हतेच. होडी गेली की रविवारी आपल्याकडे कोण येणार, एवढंच ते बोलत नव्हते.

आणि मग आल्या भूगोलाच्या बाई. शाळेत शिकवून आवाज खणखणीत झालेला.

"तळाला तडा आहे," काका म्हणाले.

"बुजवून घेईन. पुढे?"

"शीड जुनं आहे."

"आम्ही नवे आहोत, चालेल."

"दोन माणसं लागतात हो हिला."

"नवरा आहे की! घरी नाहीतरी काय करतो?"

काकांचे दोष संपले. होडी विकली गेली.

"एक मात्र," बाई म्हणाल्या, "या दोऱ्यांचं जंजाळ काही कळत नाही. अडलं तर फोन करू ना?"

"अहो, कधीही करा!" काकांचा चेहरा उजळला.

पण हाडाचा कारागीर तो. कवळीचा एकही साचा चिठ्ठी बांधल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून हलत नसे. मग होडी कशी हलणार? बाई ती आपल्या गावच्या तळ्यावर न्यायला येण्याआधी काकांनी दोरीदोरीला चिठ्ठी बांधली. 'ही ओढली की मोठं शीड वर.' 'वारा वाढला की ही ढिली सोडा.' 'हिला हात लावू नका. लागलाच, तर शेजारची आधी सोडा.' अक्षर मोत्यासारखं, वर पाणी लागू नये म्हणून चिकटपट्टी.

तीन रविवार काका फोनजवळ बसून राहिले. त्याचा आवाज वाढवून पाहिला. चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःच लावला.

"बाई, काही अडलं नाही ना?"

"छे हो! तुमच्या चिठ्ठ्या म्हणजे कमाल आहे. काही विचारायची वेळच आली नाही."

"सुकाणूचं? ते जरा अवघड..."

"त्यावरही आहे ना चिठ्ठी! अहो, हे हाक मारताहेत, वारा छान सुटलाय. ठेवू?"

"ठेवा, ठेवा," काका म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला. काकांनी तो आणखी थोडा वेळ कानाला तसाच धरून ठेवला.