थिएटरमधला बेकायदेशीर माणूस

सरकारी कचेरीत दोन गोष्टी आपोआप साठतात, मोडक्या खुर्च्या आणि किस्से. खुर्च्यांचा कधीतरी लिलाव होतो. किस्से मात्र निवृत्त कारकुनाबरोबर घरी येतात. माझ्याबरोबर सगळ्यात जास्त आले ते भास्करचे.

आमचं रुग्णालय शहापूर-मुरबाड रस्त्यावर. फीत कापायची असली की दोन्ही तालुक्यांचं, पाण्याचा टँकर हवा असला की कुणाचंच नाही. भास्कर तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस होता. पेशंटला टेबलावर घ्यायचं, दिवा वळवायचा, हत्यारं मांडायची, सर्जन मॅडमनी हात पुढे केला की हवं ते हातात द्यायचं. केस यातच पिकले. अशात परिपत्रक आलं: थिएटरमधल्या प्रत्येक मदतनिसाची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी हवी, नसेल त्याला आत प्रवेश नाही.

"भाऊसाहेब, म्हंजे मी आजपासून भाईर?" भास्करनं मला विचारलं.

"आजपासून नाही. पत्र आलंय, अजून वाचलं गेलेलं नाही."

मी ते अतिशय सावकाश वाचलं.

*

वाचून झाल्यावर वरून विचारणा आली, नोंदणी नसलेल्यांना पर्यायी काम दिलं का? आम्ही भास्करला कागदोपत्री शवविच्छेदनाच्या खोलीत टाकलं.

त्याला कोडं पडलं. "तिथं नोंदणी लागत नाय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या पेशंटची अजून तक्रार आलेली नाही."

*

पण कागदावर माणूस हलवला म्हणून टेबलावरचा पेशंट हलत नाही. मॅडमना आत भास्कर हवाच होता. मी परिपत्रक पुन्हा वाचलं. मदतनिसाला बंदी होती, सफाईला नव्हती. मग दाराच्या आत एक फडका बांधलेली काठी उभी केली. बाहेर कुणी साहेब दिसले की भास्करनं टेबलापासून दूर होऊन ती धरायची.

एकदा नोंदणी तपासणारे साहेब खरंच आले आणि त्यांनी काचेतून पाहिलं. आत हर्नियाचं ऑपरेशन चाललेलं, कोपऱ्यात भास्कर लादी पुसतोय. साहेब खूश. "ऑपरेशन चालू असतानासुद्धा सफाई! हे मी कुठेच पाहिलं नाही." स्वच्छतेबद्दल कौतुकाचं पत्र आलं.

पत्राचं ऐकून आमची सफाई कामगार पारूबाई थेट भास्करच्या अंगावर गेली. "तुजी नोंदणी नाय, म्हनून माज्या पोटावर पाय देतस काय रे? तू लादी पुसलीस, मंग मी काय टाके घालू?"

*

असं किती दिवस चालणार? भास्करनं नोंदणीसाठी अर्ज करायचं ठरवलं. नोकरीची शेवटची वर्षं थिएटरातच काढायची, एवढाच त्याचा हट्ट होता. "गेटवर बसलो तं मी वर्षात मरंन," तो म्हणायचा.

अर्जाला अनुभवाचा दाखला हवा होता. पण नोंदणीशिवाय केलेलं काम हा गुन्हा. म्हणजे अनुभव नसेल तर अपात्र, असेल तर गुन्हेगार.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं हा माझ्यासमोर गुन्हा करत होता, असं मी लिहून द्यायचं?"

"तसं नाही मॅडम," मी म्हणालो. मग मसुदा केला: "शस्त्रक्रियांच्या वेळी श्री. भास्कर हे परिसरात आढळून येत असत." दाखला मंजूर झाला.

*

त्यानंतर ठाण्याला तोंडी परीक्षा. परीक्षकांनी विचारलं, "हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलं तर काय कराल?"

भास्कर म्हणाला, "डबा एष्टीनं मुरबाडला धाडतो. तिथल्या डॉक्टरांचं यंत्र चालू असतं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आणि एसटी बंद असेल तर?"

"मंग वरिष्ठांना कळवतो."

पुस्तकातलं उत्तर तेच होतं. भास्कर पास झाला.

*

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. पारूबाईला दोन.

पाठोपाठ बदलीचा हुकूम आला. नोंदणी झालेली माणसं कमी, म्हणून ती रिकाम्या पदांवर भरायची. कसाऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात थिएटर होतं आणि पद रिकामं होतं. सर्जन तिथे कधीच नव्हता. उद्घाटनापासून थिएटरात मच्छरदाण्यांचे गठ्ठे ठेवलेले.

इकडे मॅडमनी ऑपरेशनं बंद केली. पोट धरून आलेली बाई आता गाडी करून ठाण्याला जाते. गाडी मिळाली तर.

परवा भास्करचा फोन आला. तपासणीचे साहेब तिकडेही पोचले होते. त्यानं कुलूप काढून दिलं.

"नोंदणी नसलेलं कुणी आत काम करत नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब."

"आणि नोंदणी असलेला?"

"तो मी. मी पन नाय करत."

साहेबांनी मच्छरदाण्यांवरून नजर फिरवली, सही केली आणि म्हणाले, "छान. बाकीच्या रुग्णालयांच्या लोकांना इथे आणून हे दाखवायला हवं."