उन्हात शिंकणारा काका

माझा काका उन्हात गेला की शिंकतो. एक नाही, दोन नाही, तीन. दोनवर कधी भागलं नाही आणि चौथी कधी आली नाही. डॉक्टर म्हणाले, काही लोकांना असतं असं, औषध नाही, टोपी घालत जा. काकाने टोपी घेतली. मग टोपी घालून तीन शिंका येऊ लागल्या.

दुसऱ्या कोणाच्या घरी हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण आमचं घर सूर्याच्या देवळाला पाठ लावून उभं आहे आणि चार पिढ्या तिथली पूजा आमच्याकडे आहे. कुठलंही काम बिघडलं की लोक विचारतात, माशी कुठे शिंकली? आमच्याकडे माशीवर कधीच कोणी संशय घेतला नाही.

देऊळ लहान आहे, तोंड पूर्वेला. आत माझ्या खांद्याला येईल एवढी काळ्या दगडाची मूर्ती. दोन हातांत दोन कमळं, खाली सात घोडे, त्यातल्या चौथ्याचं नाक फार पूर्वीच गेलेलं. देवाच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट आहेत. जुन्या सूर्यमूर्तींना असे बूट असतात. सूर्याचे पाय उघडे घडवायचे नाहीत, असं सांगतात. म्हणजे सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या आणि आत देव एकटा बूट घालून उभा. लहानपणी काकाने आजोबांना याचा जाब विचारला होता. उत्तर गालावर मिळालं.

काका सात वर्षांचा झाला तेव्हा आजोबांनी त्याच्या हातात तांब्या दिला. सूर्य उगवताना देवळाच्या पायरीवर उभं राहायचं, पाण्याची धार सोडायची, त्या धारेतून सूर्याकडे बघायचं आणि त्याची बारा नावं घ्यायची. काका तिसऱ्या नावापर्यंत पोचला. मग तांब्या एकीकडे आणि काका एकीकडे. आजोबा म्हणाले, ‘‘सूर्यावर शिंकतोस?’’ काकाने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरी आली.

माझे बाबा त्याच्याहून चार वर्षांनी मोठे. ते शेजारी उभे राहून मोजायचे. ‘‘एक... दोन... तीन. झालं का?’’ काका नाक पुसून म्हणायचा, ‘‘झालं, दादा.’’ मग बाबा तांब्या पुन्हा भरून त्याच्या हातात द्यायचे आणि नावं पहिल्यापासून सुरू. महिनाभर हे रोज चाललं. महिन्याने आजोबांनी तांब्या काढून घेतला आणि पूजा बाबांकडे गेली. त्यानंतर काका देवळात पाऊल टाकायचा तो फक्त कोणाला जेवायला बोलवायचं असेल तर, आणि तेही ऊन उतरल्यावर.

त्याने काचेचं दुकान काढलं. दुकान उत्तरेला तोंड करून आहे. जागा बघताना त्याने दुसरं काही बघितलंच नाही. भिंतीला टेकवून काचा उभ्या असतात. काच आडवी ठेवणाऱ्या माणसाशी तो बोलत नाही. हिऱ्याने एक रेघ ओढतो, खालून बोटाने टिचकी मारतो आणि काच त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. हातांवर इतके वण आहेत की ज्योतिष्याने हात बघून पैसे परत दिले होते. लग्न झालं नाही. मुलगी बघायला गेला तेव्हा त्या लोकांनी कौतुकाने अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या.

तो वर राहतो, आम्ही खाली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोघे भाऊ सकाळचा चहा जिन्यात बसून प्यायचे. बाबा खालच्या पायरीवर, काका वरच्या. फार बोलायचे असंही नाही. पण बसायचे.

मग देवळासमोर चार मजली इमारत आली.

आमच्या देवळाची एकच मोठी गोष्ट आहे. वर्षातून तीन सकाळी उगवत्या सूर्याचा किरण दारातून सरळ आत येतो आणि देवाच्या पायांवर पडतो. ज्याने देऊळ बांधलं त्याने दार, मंडप आणि मूर्ती अशी मोजून बसवली आहे. आठ-दहा मिनिटांचा खेळ, पण बाबांचं वर्ष त्या तीन सकाळींनी सुरू होतं आणि तिथेच संपतं. मधल्या काळात ते जगतात, पण वाट बघितल्यासारखे.

इमारतीच्या खिडक्यांचं काम काकाला मिळालं. शहाऐंशी खिडक्या. बाबा म्हणाले, घेऊ नकोस. काका म्हणाला, ‘‘मी नाही लावल्या तर दुसरा लावेल. इमारत काय थांबणार आहे? आणि ऊन अडवते ती भिंत, दादा. काचेतून निदान आरपार जातं.’’ इथपर्यंत काकाचं बरोबर होतं. पुढे मालकाने आरशासारखी काच मागवली, जिच्यातून काहीच आरपार जात नाही. काकाने तीही लावली, आणि चांगली लावली. त्या वर्षी किरण आला नाही. बाबांनी तीन सकाळी दारात उभं राहून समोरच्या काचेत स्वतःचं देऊळ बघितलं आणि काकाशी बोलणं बंद केलं.

तेव्हापासून टपाल माझ्याकडे आलं. मी शाळेत भूमिती शिकवते. माझ्या मते मला पुरेसं काम होतं. ‘‘काकाला सांग, पाण्याची मोटार चालू राहिली आहे.’’ काका तिथेच, दोन हातांच्या अंतरावर. ‘‘दादाला सांग, बंद केली.’’ मी दोघांना सांगून बघितलं की तुम्हाला कान आहेत. बाबा म्हणाले, ‘‘त्याला सांग, मला माहीत आहे.’’

या वर्षी त्या सकाळी जवळ आल्या तेव्हा बाबा एकदा जेवताना म्हणाले, ‘‘यंदाही नाही आला तर किल्ल्या विश्वस्तांना देतो आणि ताईकडे जाऊन राहतो. देवाला जिथे सूर्य भेटत नाही तिथे मी कशाला?’’ ताई म्हणजे माझी आत्या. ती रेल्वेने एक रात्र दूर राहते. काका जिन्यात बसून चहा पीत होता. त्याचा कप बशीवर एकदा वाजला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शाळेच्या फाटकाशी उभा. नाक लाल, म्हणजे उन्हातून चालत आलेला. म्हणाला, ‘‘ऊन दोनदा वळवलं तर?’’

त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. सूर्य इमारतीच्या वर यायला आता पाऊण तास उशीर होतो, आणि तेव्हा त्याचं ऊन प्रथम आमच्या गच्चीवर पडतं. गच्चीवर मोठा आरसा धरायचा. त्यातलं ऊन समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीवर टाकायचं. ती काच आरशाचीच. ती ऊन परत फेकणार, आपल्या दारातून आत, देवाच्या पायांवर. मी कोन तपासले. चूक सापडली नाही, याचा मला जरा रागच आला.

‘‘आणि शिंक?’’ मी विचारलं.

‘‘वेल्डरचा काळा चष्मा आणलाय.’’

‘‘हे सगळं देवासाठी?’’

‘‘देवाला काय, तो बूट घालून उभा आहे,’’ काका म्हणाला. ‘‘दादा न बोलता निघून गेला, तर मी जिन्यात कोणाबरोबर बसू?’’ हे तो इतक्या सरळ आवाजात म्हणाला, की मला फाटकाकडे बघत राहावं लागलं.

खिडकी दातांच्या डॉक्टरीणबाईंची निघाली. नोकरदारांसाठी त्या सकाळी सातलाच दवाखाना उघडतात. आमचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘दात दुखतोय का पण कोणाचा?’’ नाही म्हटल्यावर परवानगी दिली. काकाने खिडकीचं दार हवं तेवढं उघडून खाली लाकडी पाचर मारली.

पहिल्या सकाळी मी देवळाच्या दारात, फोन कानाला. काका गच्चीवर. पाचर थोडी सरकली होती आणि ऊन उघड्या फटीतून सरळ दवाखान्यात गेलं. खुर्चीतल्या गृहस्थांनी आ वासला होताच. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, एवढ्या स्वच्छ उजेडात अक्कलदाढ मी आजवर पाहिली नव्हती, रोज पाठवत जा. बाबा दारातून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या सकाळी ढग होते.

तिसऱ्या सकाळी बाबांनी किल्ल्यांचा जुडगा धुऊन पुसून ताम्हनाशेजारी ठेवला. अकरा माणसं आली होती. त्यातली काही सवयीने आणि दोन-तीन, बाबा जाणार हे ऐकून निरोप द्यायला. पाऊण तास सगळे उभे राहिले. बाबांनी कोणाला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी दारात एका बाजूला होते. कानाशी धरून हात भरून आला होता म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओढणीखाली धरलेला.

‘‘चष्म्यातून खिडकी दिसत नाहीये,’’ ओढणी म्हणाली.

‘‘मग काढ,’’ मी ओढणीला म्हटलं.

आणि ऊन आलं. आधी उंबऱ्यावर, मग मंडपाच्या फरशीवर सरपटत, चौथ्या घोड्याच्या तुटक्या नाकावरून वर, आणि देवाच्या बुटांवर येऊन थांबलं. दगड काळा असतो हे आम्ही तीन वर्षं धरून चाललो होतो. तो काळा नाही, मधासारखा आहे. बाबांनी तांब्या उचलला आणि धार सोडून नावं घ्यायला सुरुवात केली. त्यांचा आवाज पहिल्या नावालाच फाटला होता, पण त्यांनी तो तसाच पुढे नेला.

तिसऱ्या नावाला किरण उडाला. बुटांवरून छतावर, छतावरून एका आजींच्या डोक्यावर, आणि परत बुटांवर.

बाबांची धार थांबली. चाळीस वर्षं त्यांनी हा किरण बघितला होता. तो सरकतो, फिका होतो, कधी ढगाने जातो. उडत नाही. मला वाटलं, आता हे मागे वळतील, गच्चीकडे बघतील आणि सगळं संपेल. किरण दुसऱ्यांदा उडाला.

बाबा वळले नाहीत. तांब्या तसाच हातात धरून, मूर्तीकडे बघत, ते हळूच म्हणाले, ‘‘दोन.’’

मग ते थांबले. अकरा माणसं थांबली. तिसरी येत नव्हती. वर काका नाक दाबून, सगळा जीव गोळा करून ती अडवत होता हे मला कळत होतं, कारण ओढणीतून घुसमटल्याचा आवाज येत होता. बाबा थांबून राहिले. पाण्याचा एक थेंब तांब्याच्या काठावर लोंबत होता तोही पडला नाही. अखेर किरण तिसऱ्यांदा उडाला, या वेळी थेट बाबांच्या तोंडावर, आणि परत जागेवर गेला.

‘‘तीन,’’ बाबा म्हणाले. आणि मोठ्याने, देवाकडे बघत, ‘‘झालं का?’’

माझ्या ओढणीतून आवाज आला, ‘‘झालं, दादा.’’

देवळात तो आवाज छान घुमतो. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी डोळे मिटून हात जोडले.

‘‘मग आता हलू नकोस,’’ बाबा म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी पुन्हा सोडून त्यांनी नावं पहिल्यापासून सुरू केली. बारा नावं पुरी होईपर्यंत किरण बुटांवर दगडात कोरल्यासारखा स्थिर होता. मी रडले. मला लाज वाटली नाही.

लोक गेल्यावर बाबांनी किल्ल्या कनवटीला लावल्या आणि जिना चढायला लागले. त्यांचे गुडघे दुखतात. तीन वर्षांत ते गच्चीवर गेले नव्हते. मी मागे. वर काका अजून आरसा धरून उभा होता. सूर्य केव्हाच पुढे निघून गेला होता आणि ऊन आता दवाखान्याच्या पाटीवर पडत होतं. काकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं शिंकांचं किती ते मी विचारलं नाही.

‘‘अरे, ठेव आता,’’ बाबा म्हणाले.

‘‘तू हलू नको म्हणालास.’’

बाबांनी आरशाचं एक टोक धरलं, काकाने दुसरं. ‘‘आडवा नको करूस,’’ काका म्हणाला. ‘‘उभा धर.’’ बाबांनी उभा धरला. जिन्यात दोघे सावकाश उतरू लागले, बाबा पुढे, काका मागे, मधे सहा फुटांचा आरसा. त्यामुळे त्यांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, आणि त्यांना ते सोयीचं असावं.

अर्ध्या जिन्यात बाबा थांबले. आरशाच्या पलीकडून म्हणाले, ‘‘उद्या सकाळी खाली ये. तांब्या तुझ्या हातात देतो.’’

‘‘शिंक येईल, दादा.’’

‘‘येऊ दे. मोजायला मी आहे ना.’’