आमच्या युनियनची दुखरी दाढ

मी विमानं दुरुस्त करतो. नागपुरात या वाक्याचं कोणाला काही वाटत नाही, पण आर्णीच्या पुढे डांबरी सोडून आमच्या बंजारा तांड्याच्या रस्त्याला लागलं की त्याचे नाना अर्थ निघतात. काहींच्या मते मी विमान चालवतो. एका मावशीच्या मते मी विमानात चहा देतो. बापू, म्हणजे माझे वडील, तांड्याचे कारभारी. ते पाहुण्यांना सांगतात, "आमचा पोरगा इमानाच्या खाली झोपते." हे वर्णन सगळ्यात खरं. विमान उडाल्यावर त्याची चाकं जिथे पोटात घेतली जातात, त्या खोबणीत मान वाकडी करून, तेल डोळ्यात गळू नये म्हणून एक डोळा मिटून माझी वर्षं चालली आहेत.

काम मला आवडतं. त्रास होता तो कामाच्या भोवतीचा.

पहिला त्रास पाण्याचा. आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या टोलेजंग शेडमध्ये, विमानाच्या टाकीत पाणी भरायची उत्तम सोय होती. मेकॅनिकसाठी मात्र कूलर होता तो सुरक्षेच्या फाटकापलीकडे. बाहेर जायचं तर आधी सगळी हत्यारं जमा करायची, कारण एखादा पाना विमानात राहिला तर अनर्थ होतो. ते बरोबरच आहे. मग फाटकावर पट्टा काढा, बूट काढा, झडती द्या. पाणी पिऊन परत येताना तेच सगळं उलट्या क्रमाने. वैदर्भी उन्हाळ्यात हे सोपस्कार करून माणूस विमानाखाली पोचेपर्यंत त्याला पुन्हा तहान लागलेली असायची.

दुसरा त्रास पाळीचा. उद्या सकाळची पाळी की दुपारची, हे फोनवर यायचं, आणि जेवायला बसलं की बदलायचं. माझी बायको एकदा म्हणाली, "तुमी घरी येनार का नाही, ते मी आता इमानालेच इचारत जातो." तिसरा त्रास म्हणजे आमची बसायची खोली कंपनीने पाहुण्यांसाठी घेतली. तिथे सोफा आला. त्याचं प्लास्टिकही कोणी काढलं नाही, कारण पाहुणेच आले नाहीत. आम्ही विमानाच्या पंखाच्या सावलीत डबे उघडायचो.

आमची युनियन होती आणि तिला प्रतिनिधीही होते. अमरावतीकडचे, उंचपुरे, आवाज असा की इंजिन चालू असताना त्यांना ओरडावं लागत नसे. मागण्या घेऊन ते मॅनेजरच्या केबिनमध्ये जात आणि तास-दीड तासाने घाम पुसत बाहेर येत.

"काय झालं भाऊ?" आम्ही घेरायचो.

"असं सुनावलं मी त्याहिले! पार इतिहासापासून धरलं."

"मग काय म्हणाले ते?"

"म्हनाले, तुमचं बोलनं फार अभ्यासपूर्ण असते."

पाणी फाटकापलीकडेच राहिलं.

त्यांची मुदत संपली तेव्हा नवा प्रतिनिधी निवडायचं ठरलं. कंपनीने सांगितलं की आवारात सभा घ्यायची नाही. एकाच्या फ्लॅटवर घ्यावी म्हटलं तर सोसायटीवाले म्हणाले, आधीच्या वेळी तुमच्या भाऊंचा आवाज चौथ्या मजल्यावर आला होता. हिवाळ्याचे दिवस होते. मी सहज बोलून गेलो, "चला आमच्या तांड्यावर, तुरीच्या शेंगा खाऊ." सहज बोललेलं आमच्या लोकांनी कधी सोडलेलं नाही. रविवारी सकाळी दोन जीपा भरून मंडळी हजर झाली. वाटेत कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शनही घेतलं होतं. तिथे गणपतीसमोर हात जोडून भाऊ इतका वेळ बोलत राहिले की मागच्या रांगेतल्या बाया कुरकुरायला लागल्या, असं जीपवाल्याने मला सांगितलं.

त्यांच्यात एक नवीन गडी होता, उमरखेडचा. ब्रेकच्या कामाला नुकताच लागला होता, त्यामुळे कोणाची फारशी ओळख नव्हती. कानाला मफलर, गाल टम्म सुजलेला. त्याची दाढ दुखत होती. माझ्या याडीने, म्हणजे आईने, त्याला दाढेखाली धरायला लवंग दिली आणि कडुलिंबाच्या झाडाखालच्या बाजेवर बसवलं. तो गालाला हात लावून बसला तो बसलाच.

सभेआधीच एक घोटाळा झाला. विमानवाले आले हे कळताच शेजारचे काका पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आले. "चालू नाही होऊन राह्यला. तुमी एवढे सारे हा, पाहा जरासा."

सगळे त्या पंपाभोवती जमले. एकाने विचारलं, "याचं मॅन्युअल कुठे आहे?" दुसऱ्याने विचारलं, "याआधी काम केलं तेव्हा सही कोणी केली होती?" आमच्या धंद्यात पुस्तकात पाहिल्याशिवाय एक नटही फिरवायचा नाही असा नियम आहे, आणि तो हाडात मुरलेला. तरी हिंमत करून त्यांनी पंप खोलला, पुसला, जोडला. शेवटी एक वायसर उरला. त्या वायसरवर कडाक्याची चर्चा सुरू झाली. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली, पंप ओढून घेतला, त्याला एक लाथ घातली आणि दोरी ओढली. पंप धडधडून चालू झाला.

"राहू द्या बाप्पा," काका वायसर खिशात टाकत म्हणाले. "तुमचं काम मोठं हाये."

बापूंनी खाली मान घातली. माझ्याबद्दल त्यांनी पंचक्रोशीत जे काही सांगून ठेवलं होतं, ते सगळं एका लाथेत गेलं होतं.

मग सभा सुरू झाली. सुरू झाली म्हणजे सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणे आधी पाण्याचं घ्या, एक म्हणे पाळीचं, तिसरा आपल्या सासऱ्याच्या आजारपणात सुट्टी कशी नाकारली ते सांगत होता. त्या सगळ्यांवरून भाऊंचं भाषण चाललं होतं. बापू ओट्यावर बसून पाहत होते. आमच्या तांड्यात भांडण मिटवायला लोक बसतात तेव्हा एक माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. बापूंनी हयातभर हेच केलेलं. त्यांना ते बघवेना. ते उठून मधोमध आले.

"बेस," ते म्हणाले. आमच्या गोरबोलीत बेस म्हणजे खाली बस. भाऊंना गोरबोली येत नव्हती, पण हात वर उगारलेल्या अवस्थेतच ते बसले.

"आता एकानं बोलाचं," बापूंनी जाहीर केलं. "मंधात जो तोंड घालीन, त्यानं हापशीवरून एक हंडा पानी आनाचं. कोनी का असेना."

"पण बापू, युनियनच्या घटनेनुसार..." भाऊ म्हणाले.

"हंडा तिकडे हाये," बापू म्हणाले.

भाऊंनी पहिला हंडा आणला. परत आल्या आल्या "मुद्दा असा आहे की" म्हणाले आणि दुसऱ्यासाठी गेले. हळूहळू सगळेच जायला लागले. मीही गेलो, बापूंनी पोटच्या पोरालाही सोडलं नाही. याडीने ही संधी बरोबर ओळखली. तिने घरातले होते नव्हते तेवढे हंडे, बादल्या आणि कळश्या ओट्याशी आणून मांडल्या. मग शेजारच्या काकूंनी आपलं पिंप आणलं. ज्यांच्यासाठी पाणी हा मुख्य प्रश्न होता, ती माणसं दुपारपर्यंत अर्ध्या तांड्याचं पाणी भरत होती.

वरण, बट्टी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी अशी पंगत उठली, तेव्हा कोणाच्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती. बापूंनी मिशीवरून हात फिरवला.

"येवढ्या मान्सांत एकच हाये जो पान्याले गेला नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी उमरखेडच्या गड्याकडे बोट दाखवलं. "पाहा, सकाळपासून कसा इचार करून राह्यला. यालेच करा तुमचा पुढारी."

गड्याने घाबरून जोरजोरात मान हलवली आणि "अं अं" केलं.

"पाहा!" बापू खूश झाले. "हाव बी नाही त्याले."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "बापू, विचारबिचार काही नाही. त्याची दाढ दुखून राह्यली."

"मंग बरंच हाये. ज्याचं सोताचं दुखते, त्याले दुसऱ्याचं समजते. आन् तू मंधात कायले बोलला?"

मी हंडा उचलला. हापशीवरून परत आलो तोवर सगळ्यांनी हात वर केले होते. माझा अंदाज आहे की अर्ध्यांनी बापूंचं पटलं म्हणून केले आणि अर्ध्यांनी खांदे भरून आले होते म्हणून. भाऊंनीही हात वर केला, पण त्यांचा चेहरा उतरला होता. परतताना जीपमध्ये ते यवतमाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, असं कळलं.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने नव्या प्रतिनिधीला भेटायला बोलावलं. रिवाज असा की पहिल्या भेटीला सोबत एक जण न्यायचा. उमरखेडच्याने खुणेने मला बोलावलं. खुणेने, कारण आदल्याच संध्याकाळी त्याची दाढ काढली होती. तोंडात कापसाचा बोळा, गाल आधीपेक्षा मोठा, आणि डॉक्टरने बोलायला बंदी केलेली.

"आज नोको जाऊ, तारीख बदलून घेऊ," मी म्हणालो. त्याने मान हलवली. घाबरट वाटला होता, पण गडी चिवट निघाला.

मॅनेजर सभ्य माणूस. केबिनमध्ये अगरबत्तीसारखा काहीतरी वास. "अभिनंदन. बसा. बोला," ते म्हणाले.

उमरखेडचा बसला. बोलला नाही. त्यांच्याकडे पाहत राहिला. दुखत असल्यामुळे डोळे लाल होते आणि जबडा आवळलेला.

मॅनेजरने टेबलावरचं पेन सरळ केलं. मग वाकडं केलं. "म्हणजे, पाण्याचा विषय असेल बहुतेक."

मी तोंड उघडणार तोच उमरखेडच्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. चांगला बुटाने दाबला.

"आम्हाला कल्पना आहे," मॅनेजर म्हणाले. "तुमच्या आधीच्या प्रतिनिधींनीही सांगितलं होतं. पण त्यांच्या बोलण्यात इतके विषय यायचे की... बरं, कूलर आत घेता येईल. अडचण काहीच नाही तशी."

बाहेरून कुठल्यातरी इंजिनाचा आवाज येत होता. इतका वेळ कोणी गप्प बसलेलं मी आमच्या युनियनमध्ये पाहिलेलं नव्हतं.

चहा आला. गरम चहा त्याला चालणार नव्हता. त्याने हाताने कप बाजूला सारला.

"चहाही नाही?" मॅनेजरचा चेहरा बदलला. "हे पाहा, तुम्ही रागावला आहात ते मला दिसतंय. पाळीचं म्हणाल तर आठवडाभर आधी ठरवून कळवू. मधे बदलणार नाही. माझा शब्द."

एवढ्यात उमरखेडचा एकदम उठला आणि दाराकडे निघाला. त्याला थुंकायचं होतं. मला ते माहीत होतं, मॅनेजरना नव्हतं. ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, बसा, बसा! असं निघून नका जाऊ! बसायच्या खोलीचंही मी वरती बोलतो!"

मी हात जोडले, "येतो साहेब" म्हणालो आणि त्याच्यामागे पळालो. तो मोरीपाशी वाकून उभा होता. हसतोय की कळवळतोय, ते मला बराच वेळ समजलं नाही.

कूलर खरंच आत आला. पहिल्या दिवशी सगळे इतकं पाणी प्यायले की दुसराच प्रश्न निर्माण झाला, कारण संडास अजून फाटकापलीकडे होता. पाळी आठवडाभर आधी कळायला लागली, आणि माझ्या बायकोने कितीतरी दिवसांनी मला विचारून स्वयंपाक केला. खोली मात्र मिळाली नाही. सोफा अजून प्लास्टिकमध्ये आहे. आम्हाला स्टोअरमागे दोन बाक दिले.

दाढ बरी झाल्यावर कळलं की उमरखेडचा भयंकर बोलका आहे. विमानाखाली पडून तो सोयाबीनपासून साडूपर्यंत सगळं सांगतो. केबिनमध्ये मात्र तो आजही तोंड उघडत नाही. "तिथं बोललो का इसकटते सारं," म्हणतो. परवा मॅनेजरने मला वाटेत गाठून हळूच विचारलं, "तुमचे ते अमरावतीचे आता पुन्हा उभे राहणार नाहीत का? त्यांच्याशी संवाद छान व्हायचा."

हे मी भाऊंना सांगितलं. वाटलं, हसतील. आम्ही स्टोअरमागच्या बाकावर डबा खात होतो. ते भाकरी कुस्करायला लागले.

"खरं सांगू तुले?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. "बोलताना मलेच भेव लागे. थांबलो का तो 'नाही' म्हनीन, असं वाटे. म्हनून थांबतच नव्हतो."

पाण्यावर आपला हक्क आहे, हे मोठ्याने म्हणायला आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं, हे त्यांना सांगायचं मला तेव्हा सुचलं नाही. मी डब्यातली तिळाची चटणी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चटणी घेतली आणि ती कोणत्या गावच्या तिळाची असावी यावर बोलायला सुरुवात केली. मी ऐकत राहिलो. मग आतून हाक आली की ब्रेक गरम झालेलं एक विमान आलं आहे. आम्ही दोघंही हात पुसत उठलो. चालता चालता त्यांचं बोलणं सुरूच होतं.