ठणठणीत पंप

अणुवीज केंद्रातला पंपांचा मुकादम ताजातवाना असा कुणी पाहिलाच नव्हता. सकाळी कामावर यायचा तोच दिवसभर नांगर ओढलेल्या बैलाच्या तोंडानं. त्यात यंदा वरून हुकूम सुटला : आपली वीज महाग पडते, देखभालीचा खर्च उतरवा. दर शटडाऊनला, म्हणजे केंद्र बंद ठेवून दुरुस्त्या करतात तेव्हा, सगळे पंप सरसकट उघडायची जुनी चाल बंद. आधी यंत्र लावून बघायचं. कुरकुरणारा असेल तोच उघडायचा.

मुकादमाला हे पटतही होतं. धडधाकट पंप उघडून बसवताना बिघडलेला त्यानं पाहिला होता. पोट दुखत नसताना चिरायचं कशाला? पण पंप उघडायचे नाहीत, तर बाहेरचे फिटर तरी कशाला बोलवायचे? आणि त्या फिटरांत त्याचे दाजी होते, थोरल्या बहिणीचा नवरा. शटडाऊनच्या मजुरीवरच त्यांचं वर्ष निघायचं.

बाकीच्या पंपांचा निकाल लागला : एकही उघडायचा नव्हता. उरला गार पाण्याचा मोठा पंप. तो उघडला तर दाजींना काम.

मुकादमानं कंप मोजायचं यंत्र टेकवलं. आकडा हलेना. बेअरिंगवर तळहात ठेवला. कोमट. रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा पंप आपला निवांत.

"कुरकुर की जरा, मेल्या!" तो पुटपुटला.

"काय मुकादम, उघडायचा?" साहेबानं विचारलं.

"आवाज येतोय" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"नको साहेब. चालू दे."

संध्याकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला.

"बाळ्या, ये की आत! डोकं पिकलं तरी उंबऱ्यातच घुटमळतोस."

दाजी हत्यारांची पेटी उघडून पान्यांना तेल लावत बसले होते. "कधीपासून यायचं?"

"यंदा नाही, दाजी."

ताईनं पातेलं आदळलं. "सख्खा भाऊ मुकादम, आणि नवरा घरी! लोक शेण घालतील तोंडात."

दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. "मोठा पंप कसा आहे?"

"ठणठणीत."

"असणारच. गेल्या खेपेला मीच बसवला होता." ते हसले, पण हसू अर्ध्यातच बसलं. पेटीचं झाकण लावत म्हणाले, "जरा ढिला बसवला असता तर बरं झालं असतं बघ."

ताईनं दोघांपुढे चहा ठेवला. मुकादमानं घोट घेतला, तर साखर जेमतेम. तिनंही खर्च उतरवायला घेतला होता.