शंभर वर्षांची हमी

देवळाली कॅम्पच्या बाजारात तरन्नुम शेखचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. नवरा अचानक गेला तेव्हा शटर बंद करून माहेरी ये, असं भावांनी सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. चाळिसाव्याचा विधी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने शटर वर केलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. फौजींच्या बायकांचे दाखले, पेन्शनीचे कागद, पोरांच्या मार्कशीटा, सगळं तिच्या हाताखालून जातं. गरम रोलरमधून कागद चकचकीत होऊन बाहेर आला की तो गिऱ्हाइकाला देताना ती हमखास म्हणायची, "घ्या, आता शंभर वर्षं काही होत नाही याला."

मागच्या एप्रिलमध्ये भर दुपारी लहवितचे बहिरू बाबा दुकानात आले. सत्तरी उलटलेली, डोक्याला टोपी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते काउंटरवर उलगडलं. आत प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक पिवळट कागद होता.

तरन्नुमला हसूच आलं. "बाबा, कोरा कागद कशाला लॅमिनेट केला?"

"कोरा नाय पोरी," म्हातारा म्हणाला. "माझ्या आज्याचं पत्र हाय ते. तूच करून दिलं व्हतं, सा वर्सं झाली."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिला एकदम सगळं आठवलं. जांभळ्या पेन्सिलीचं दाट, तिरपं अक्षर. बहिरू बाबांचा आजा पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर इराकात बसऱ्याला गेला होता. तिथून त्याचं एकच पत्र आलं, तो स्वतः आलाच नाही. पाळण्यातल्या पोराचं नाव सहादू ठेवा, असं त्याने त्यात लिहिलं होतं. तो सहादू म्हणजे बहिरू बाबांचा बाप. लॅमिनेशन करताना बाबांनी त्या नावावर बोट ठेवून तिला ते वाचून दाखवलं होतं.

तिने कागद उजेडात धरला. उलटा केला. तिरपा केला. जिथे नाव होतं तिथे जुन्या डागासारखी फिकट छटा तेवढी उरली होती.

"कुठे ठेवलं होतं बाबा?"

"वट्यावर टांगलं व्हतं, दाराम्होरं. येनारा-जानारा बघंल म्हनून. तू म्हनली व्हतीस ना, काय होत नाय." मग त्यांनी आशेने विचारलं, "हे वरचं काढलं तर आतलं अक्षर निघंल का गं?"

तिने कात्री घेतली. कडेचा एक कोपरा कापून प्लास्टिक हळूच सोलायला गेली, तर कागदाची साल निघावी तसे त्याचे दोन पापुद्रे झाले. अर्धा वरच्या प्लास्टिकला चिकटला, अर्धा खालच्या. तिने कात्री खाली ठेवली. बाबांकडे बघायचा तिला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलं नाही. बाबांकडून मागून घेतलेलं ते पत्र घेऊन ती रिक्षाने नाशिकला गेली. इंदिरानगरात तृप्ती नावाची एक मुलगी जुन्या पोथ्या आणि कागद दुरुस्त करते, असं तिला एका मास्तरांनी सांगितलं होतं. तृप्तीने बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"ही पेन्सिल उन्हाला टिकत नाही," ती म्हणाली. "उन्हानेच अक्षर गेलं, ते आता परत येणार नाही. आणि लॅमिनेशनचा गोंद गरम होऊन कागदात मुरतो, तो काढता येत नाही. जुना कागद एकदा त्यात गेला की गेला."

"म्हणजे मी आजवर केलेले सगळे?"

तृप्तीने भिंग खाली ठेवलं आणि मान डोलावली.

तरन्नुम तिथल्या बाकड्यावर बसून आठवू लागली. कुणाचे निकाहनामे, कुणाच्या सासऱ्याचे लढाईतले फोटो, हाताने लिहिलेल्या आरत्या. लोकांनी तिच्याकडे जपायला म्हणून आणलेलं. अकरा वर्षांत किती, तिला आठवेना. जे आठवत होतं तेच मोजून संपेना.

बहिरू बाबांना तिने घरी जाऊन सगळं सांगितलं. म्हातारा ओट्यावर बसून पत्र टांगायच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं, असं तिला वाटलं. शेवटी ते म्हणाले, "टांगलं तर आमीच. ऱ्हाऊ दे ते तुझ्या दुकानात. दाव लोकांना."

तेव्हापासून ते कोरं पत्र काउंटरवर असतं. शेजारी तिने मोठ्या अक्षरात पाटी लिहिली आहे: 'जुनी पत्रं, फोटो, हस्तलिखितं लॅमिनेट करून मिळणार नाहीत.' कुणी जुनं काही आणलं की ती त्याचा फोटो काढून देते, मूळ कागद साध्या सुती कापडात गुंडाळते आणि बजावते, "उन्हात नको, ओलीत नको, चिकटपट्टी तर अजिबात नको." दोन शाळांनी तिला बोलावलं. तिथे ती पोरांसमोर उभी राहिली. मग तिने पत्र वर धरलं आणि घडलं तसं सांगितलं, स्वतःची चूक न लपवता.

सगळे ऐकतातच असं नाही. परवा संतोष नावाचा एक जण पणजीची ओव्यांची वही घेऊन आला. पानं सुटी करून आणली होती. तिने पंधरा मिनिटं समजावलं, पत्र दाखवलं.

"अहो ताई, पाहुण्यांना द्यायचंय, चांगलं दिसायला पाहिजे," असं म्हणत तो समोरच्या लॅमिनेशनच्या दुकानात गेला. तरन्नुम काउंटर सोडून त्याच्यामागे रस्ता ओलांडून धावली. तोवर पहिलं पान रोलरमध्ये गेलं होतं.

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की मशीनवरच्या माणसाने दचकून बटण बंद केलं. उरलेली एकतीस पानं संतोषने मुकाट्याने तिच्या हातात दिली.