मामींचा धवला

एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी असू शकते, हे आमच्या काल्हेरच्या मामांना प्रत्यक्ष ब्रह्मदेवही पटवू शकला नसता. भाताच्या खाचरांवर त्यांची गोदामं उभी राहिली तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी उरल्या होत्या, माल आत आणि माल बाहेर. झेरॉक्सचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. भिवंडीच्या बँकेत रेशनकार्डाची प्रत मागितली, तर यांनी अख्खं रेशनकार्ड साहेबांच्या टेबलावर आपटलं आणि "अस्सल हाय, ठेव!" म्हणून घरी निघून आले. मामींना महिनाभर घासलेट मिळालं नाही.

असल्या मामांनी त्या काळात स्मार्टफोन घेतलेला पाहून मी हादरलोच होतो. पण त्या फोनमध्ये मामींचा आवाज होता. मामी गावोगावच्या लग्नांत धवले गायच्या. थोरल्या लेकीच्या हळदीला गायलेला एक धवला मामांनी फोनवर भरून घेतला होता, मागे वाजणाऱ्या ट्रकच्या हॉर्नसकट. पुढच्या वर्षी मामी गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मग एकदा फोन मासळीच्या टोपात पडला, जेमतेम वाचला, आणि मामांनी मला तातडीने बोलावून घेतलं. धवला घरातल्या कंप्युटरमध्ये ठेवायचा होता.

मी केबल जोडली. म्हटलं, "कॉपी करतो मामा, म्हणजे फोनमध्येही राहील."

मामा उखडले. "कापी? तुज्या मामीची नक्कल काढतस? अस्सल हलव. हितून उचल, तिथं ठेव!"

मी हात जोडले, विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी माउस माझ्या हातातून ओढला, 'कट' कुठलं ते विचारलं आणि स्वतःच दाबलं. पट्टी सरकू लागली तशी मामांनी उभं राहून चपला काढल्या. पट्टी भरली, फोनमधलं नाव पुसलं गेलं, आणि लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते ते.

लाइट आली तेव्हा कंप्युटरमध्ये धवल्याचं नाव होतं, आत काहीही नव्हतं. फोन रिकामा. मी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो, रडू फुटायचंच बाकी होतं. आता मामा घर डोक्यावर घेणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो.

मामा शांतपणे म्हणाले, "आत गेला तो तू पाह्यलास ना?"

"हो."

"बाहेर निगताना कुनी पाह्यला?"

"कुणी नाही, मामा."

"मंग आत हाय."

मामांनी मामींचं एक लुगडं आणून कंप्युटरवर नीट पांघरलं. लेकीने तो भंगारात काढायचा विषय पुढे कितीदा काढला, पण मामांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते खरंच तसं मानत होते, की त्या दिवशी मला धीर देत होते, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीरही होत नाही. काल्हेरला गेलो की आम्ही दोघं त्या बंद कंप्युटरसमोर चहा पितो, आणि बोलताना आमचे आवाज आपोआप खाली येतात.