सुमीचं बसकर

माझ्या खिडकीसमोरच दुसरीचा वर्ग भरतो. मुलं घरून आणलेल्या बसकरांवर बसतात. सुमीची आई सध्या कापूस वेचायला जाते, त्यामुळे सुमी तान्ह्या भावाला सांभाळत घरीच. तरी तिची मैत्रीण रेखा रोज आधी सुमीचं शाळेत राहिलेलं बसकर अंथरते, मग स्वतःचं. कुणी तिथं टेकलं की म्हणते, "ऊठ गं, सुमी यायचीय."

शाळा बुडाली की धडा मागे राहतो. तो भरून काढता येतो. पण आपल्यावाचून वर्गाचं काही अडत नाही असं एकदा वाटलं, की पोराचं पाऊलच उचलत नाही.

आज सुमी आली, भावाला कडेवर घेऊन. दारातच घुटमळली. रेखानं स्वतःचं बसकर बाळासाठी सरकवलं आणि फरशीवर बसत म्हणाली, "बस की. गणित चाललंय."